पिकअपचा पत्रा आतून सडतो

गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचा एक बारीक फोड येतो. नखाने टोचला तर आतून तपकिरी भुगा पडतो. मालक गाडी गॅरेजात नेतो. मेस्त्री तेवढी जागा घासतो, पुट्टी भरतो, प्राइमर आणि रंग मारून देतो. एक पावसाळा जातो आणि त्याच जागी पुन्हा फोड येतो, या वेळी जरा मोठा. मग गाडीवाला विचारतो: मेस्त्रीने काम वाईट केलं, माल हलका वापरला, की गंज हा रोगच असा की एकदा लागला की जात नाही?

तिन्हींत थोडंथोडं तथ्य असू शकतं. पण बहुतेक वेळा खरी गोष्ट वेगळी असते. जुन्या घराच्या चौकटीला वाळवी लागते तेव्हा बाहेरचा रंग शाबूत असतो आणि बोट दाबलं की ते आत जातं. पत्र्याचं तसंच होतं. फोड बाहेर दिसला त्या दिवशी गंज आपलं काम आतल्या बाजूने जवळपास उरकून बाहेर पोचलेला असतो, आणि बाहेरून केलेली दुरुस्ती त्याच्या शेवटच्या टोकावर केलेली असते. म्हणून पत्रा दुरुस्त करायचा म्हणजे आधी पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते शोधायचं. वेल्डिंग आणि रंग त्यानंतर.

कोणत्याही गाडीला हे लागू आहे. पण गंजाचा खरा कारभार पाहायचा तर कोकणातल्या मासळी वाहणाऱ्या पिकअपकडे बघावं.

१. मिठाचा मुक्काम

मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ला किंवा खाली गोव्यातली मालिम जेटी, कुठल्याही मासळी बंदरावर पिकअप उभ्या असतात. कोणी बोलेरो पिकअप, कोणी २००५ साली बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’. हौद्यात क्रेट रचायचे, थराथरावर बर्फाचा चुरा टाकायचा आणि निघायचं. बर्फ वितळतो. माशांच्या अंगचं खारं पाणी, रक्त आणि खवले त्यात मिसळतात आणि ते पाणी फटीफटीतून झिरपत राहतं. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. आंबा घाट चढताना हौदा मागे कलतो आणि सगळं पाणी फाळक्याच्या बुडाशी गोळा होतं. फाळक्याची खालची कड आणि त्याच्या बिजागऱ्या लवकर जातात, त्यात नवल नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हौद्याच्या एखाद्या सांध्यात असं अर्धा लिटर पाणी येऊन वाळलं, तर १७ ग्रॅमच्या वर मीठ तिथेच राहिलं. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. बर्फाचं पाणी समुद्राइतकं खारट नसतं हे खरं. पण ते हंगामभर, खेपेमागून खेप येत असतं.

शिवाय हे मीठ नुसतं पडून राहत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून आपणच विरघळू लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते याचमुळे. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतसुद्धा, अगदी ३५ टक्क्यांच्या आसपास, ओल धरतं. म्हणजे गाडी शेडखाली उभी केली, वरून एक थेंब पडला नाही, तरी सांध्यातला पत्रा ओलाच असतो. ‘गाडी पावसात नव्हती तरी गंजली कशी?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

२. लोखंड गंजतं म्हणजे काय होतं

गंज चढतो असं आपण म्हणतो, जणू तो बाहेरून येऊन बसतो. प्रत्यक्षात लोखंडच झिजून त्याचा गंज होत असतो, आणि या झिजण्यात विजेचा खेळ असतो.

पत्र्याच्या एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना उचलतो. पहिल्या ठिकाणी पत्रा झिजतो, दुसऱ्या ठिकाणी शाबूत राहतो. पण हा प्रवाह चालू राहायचा तर दोन्ही ठिकाणांना जोडणारं पाणी हवं. गोड्या पाण्यातून वीज कष्टाने वाहते, खाऱ्या पाण्यातून सहज. मिठामुळे गंज वाढतो तो मुख्यतः या वाटेने. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचा पातळ संरक्षक थर फोडतं आणि हे सगळं करून स्वतः खर्च होत नाही. गंजाच्या पोटात दबा धरून बसतं आणि पुन्हा ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतं.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं. पण ते घट्ट चिकटून बसतं आणि खालच्या धातूची राखण करतं. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो; पाणी धरून ठेवतो, हवा आत सोडतो. आणि फुगतो. गेलेल्या लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा तो व्यापू शकतो. हिशेब करून पाहू. स्पॉट वेल्डिंगने एकमेकांना जोडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्रत्येकी ०.१ मिलिमीटर लोखंड गेलं, म्हणजे एकूण ०.२ मिलिमीटर. त्याचा तिप्पट गंज झाला तर ०.६ मिलिमीटर. सांध्यात जागा मोकळी झाली ०.२ची आणि मावायचं आहे ०.६. उरलेला ०.४ मिलिमीटर पत्रे फाकवूनच बसतो. फाकलेल्या फटीत आणखी पाणी येतं.

३. जिथे हवा कमी, तिथे झीज जास्त

हा भाग पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. गंजाला ऑक्सिजन लागतो, मग उघड्या हवेतला पत्रा आधी सडायला हवा. पण सडतो तो चिखलाखालचा, चटईखालचा, दुमडलेल्या कडेच्या आतला.

केंब्रिजमधले संशोधक यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचा उलगडा एका थेंबावर करून दाखवला. घासून लख्ख केलेल्या पोलादाच्या तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला पाण्याची खोली कमी, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो. मधोमध तो कमी पोचतो. काही वेळाने पाहिलं तर कड स्वच्छ राहते, झीज मध्यभागी होते, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं साठतं. प्रयोग घरीही करता येतो. पोलादाची एखादी जुनी पट्टी आणि पॉलिश पेपर पुरतात.

इलेक्ट्रॉन उचलण्याचं काम ऑक्सिजन जिथे भरपूर आहे तिथे होतं आणि ते पुरवण्यासाठी जिथे ऑक्सिजन नाही तिथला पत्रा झिजतो. सांध्याच्या आत, साचलेल्या खवल्यांखाली, रबरी मॅटखाली नेमकं हेच चालतं. हौद्याचा तळ वाचावा म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची चेकर्ड प्लेट ठोकणारे बरेच आहेत. क्रेट ओढायला ती चांगली. मात्र खाली पाणी गेलं तर ते वाळत नाही, आणि वर दोन वेगळ्या धातूंची आणखी एक जोडी तयार होते. ॲल्युमिनियम लावलं तर सहसा ते आधी झिजतं. स्टेनलेस लावलं तर खालचा साधा पत्रा. प्लेट लावायचीच तर तिची चारी बाजूंची कड सीलंटने बंद करावी, नाहीतर ती दर हंगामात काढून खालचा भाग धुता येईल अशी बोल्टवर बसवावी.

४. पाणी कुठे थांबतं

दाराच्या आत पाणी जातंच. काचेच्या बाहेरच्या रबरपट्टीवरून थोडं पाणी आत उतरतं, ते थांबवण्याचा प्रयत्न कंपनीही करत नाही. दाराच्या बुडाला बारीक भोकं ठेवलेली असतात, तिथून ते निघून जावं अशी ती रचना आहे. धूळ, रंग किंवा मागच्या दुरुस्तीची पुट्टी यांनी ती भोकं बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकीच. पुष्कळ दारं केवळ या बुजलेल्या भोकांपायी सडतात. काडीने भोक मोकळं करायला दोन मिनिटं लागतात, आणि गाडी धुणाऱ्या कोणाला ते क्वचितच सुचतं.

तशाच जागा आणखी आहेत. समोरच्या काचेखालची पन्हळ, जिथे आंब्याची किंवा पिंपळाची पानं कुजत बसतात. मडगार्डच्या आतली ओठासारखी वळलेली कड, तिथे चाकाने उडवलेला चिखल थापला जातो. केबिन आणि हौदा यांच्यामधली अरुंद जागा, जिथे ना हात पोचतो ना पाण्याचा पाइप. फूटबोर्डाचा पोकळ डबा. हौद्याच्या तळाला खालून जोडलेल्या आडव्या पट्ट्या: पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये वरून झिरपलेलं पाणी अडतं, म्हणून हौद्याचा तळ नेहमी सरळ ओळींत सडतो. भोकांची ओळ दिसली की तिच्याखाली पट्टी आहे असं समजावं.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा या पोकळ जागाही काही प्रमाणात राखलेल्या असतात. रंगवण्याआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवतात आणि मग अख्खी बॉडी प्राइमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्याचा थर बसवतात. हा थर असतो साधारण २० मायक्रॉनचा, आणि वरचे सगळे थर धरून रंगाची एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. बुडवल्यामुळे प्राइमर दुमडीतही शिरतो. गॅरेजातली स्प्रेगन बाहेरून फवारते. तिचा रंग आत वळत नाही.

५. ठोकून बघावं

कामाला हात घालण्याआधी गाडी धुवायची, गोड्या पाण्याने आणि साबणाने. वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फोडाच्या भोवती हलकं ठोकत जायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द. मग टोकाने दाबून पाहायचं.

वरवरचा तपकिरी थर असेल, टोक आत जात नसेल, तर वायर ब्रश आणि काचकागदाने काम भागतं. पोपडे सुटत असतील आणि खाली खड्डे पडले असतील तर खड्ड्यांच्या तळाशी मीठ आहे हे धरून चालायचं. टोक आरपार गेलं किंवा पत्रा कागदासारखा दबला, तर तो पत्रा संपला. तिथे रसायनही चालत नाही आणि पुट्टीही.

मधल्या अवस्थेतच सगळ्यांची फसगत होते. ग्राइंडरवर वायर ब्रश लावून घासलं की पत्रा चकाकतो आणि साफ झाल्यासारखा वाटतो. खड्ड्यांतला गंज मात्र निघालेला नसतो, तो नुसता गुळगुळीत झालेला असतो. घासून झाल्यावर पत्रा गरम पाण्याने धुवावा, वाळवावा, पुन्हा घासावा, पुन्हा धुवावा. मग काही तास उघडा ठेवावा. आजूबाजूच्या आधी ज्या ठिपक्यांवर काळपट ओल उमटते, तिथे क्षार शिल्लक आहेत. या धुण्याचे पैसे कोणी देत नाही म्हणून ते कोणी करत नाही.

गंजाचं रूपांतर करणारी द्रावणं बाजारात मिळतात. त्यांत फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिक आम्ल. पहिल्याने गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं, दुसऱ्याने निळसर काळ्या टॅनेटमध्ये. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उभा आहे, आणि आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं श्रेय त्या लोखंडात असलेल्या जास्त फॉस्फरसला व त्यातून बनलेल्या फॉस्फेटयुक्त थराला दिलं होतं. तेव्हा फॉस्फेट कामाचं आहे यात वाद नाही. पण बाटलीतलं द्रावण पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजापुरतंच पोचतं. सुट्या पोपड्यांवर ओतलं तर वरचा पोपडा काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो.

६. कापणं आणि जोडणं

भोकाएवढं ठिगळ कधीच पुरत नाही. पत्रा टणक वाजतो आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत लोखंड दिसतं, तिथपर्यंत कापावं लागतं. रुपयाएवढं भोक कापता कापता तळहाताएवढं होतं आणि मालकाचा चेहरा पडतो. ‘मेस्त्री, तेवढं पुट्टीत बसवा ना, पासिंगपुरतं,’ ही विनवणी अशाच वेळी येते. मालवाहू गाडीची तंदुरुस्ती तपासणी पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. त्या तारखेच्या आधी भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर पुट्टी फासलेल्या गाड्या काही कमी नसतात. जुनी गाडी घेणाऱ्याने खिशात लोहचुंबक ठेवावं. फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं, की जाड पुट्टीवर ते धरत नाही.

दार आणि केबिनचा पत्रा सहसा ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो, हौद्याचा त्याहून जाड. ठिगळाला मूळ पत्र्याच्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. आधी पुठ्ठ्यावर आकार उतरवायचा, मग पत्रा कापायचा, डॉली आणि हातोडीने वळण द्यायचं. जुन्या पत्र्यावर ठिगळ नुसतं चढवून भोवती वेल्ड केलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये एक नवी फट तयार होते. तिसऱ्या भागात सांगितलेली फट ती हीच. त्यापेक्षा कडेला कड भिडवून जोडणं चांगलं. जिथे पत्रा पत्र्यावर घ्यावाच लागतो, तिथे वेल्डिंगमध्ये टिकणारा जस्ताचा प्राइमर दोन्ही आतल्या बाजूंना आधी मारावा आणि सांधा नंतर सीलंटने भरावा.

आता उष्णता. पोलाद एका अंशाने तापलं की आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशांनी, म्हणजे दहा लाखांतले १२ भाग, वाढतं. २० सेंटिमीटरचं ठिगळ ५०० अंशांनी तापवलं तर वाढ झाली २०० × ०.००००१२ × ५००, म्हणजे १.२ मिलिमीटर. हे वाढलेलं अंतर बाजूच्या थंड पत्र्याने अडवलं की पत्रा वर किंवा खाली फुगतो, आणि थंड झाला तरी सरळ होत नाही. गॅस वेल्डिंगने मोठा भाग तापतो म्हणून पत्रा लाटा घेतो. आर्कच्या रॉडने एवढ्या पातळ पत्र्याला भोकच पडतं. सीओटू वेल्डिंग यासाठी सोयीचं, आणि तेही सलग ओढत न नेता टॅक मारत. ठिगळ चौरस असेल तर परिमिती ८० सेंटिमीटर. दर अडीच सेंटिमीटरला एक टॅक धरला तर ३२ टॅक. पहिला एका कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन, आणि प्रत्येक वेळी आधीचा टॅक हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. पुढे दोन टॅकच्या मध्ये टॅक, असं करत कड भरून काढायची. वेळ खाणारं काम आहे. घाईच्या मेस्त्रीने हे काम अर्ध्या तासात दिलं, तर फुगवटा पुट्टीखाली गेला असं खुशाल समजावं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढायच्या, डिझेलच्या टाकीकडे लक्ष ठेवायचं, आतलं अस्तर आणि रबर दूर करायचं. बंद बॉडीच्या मासळी गाड्यांत पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. तो पेटला तर धूर जीवघेणा, म्हणून वेल्ड करायच्या जागेभोवतीचा फेस आधी कोरून काढावाच लागतो. जस्त चढवलेल्या पत्र्याबाबत वेगळी काळजी. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास, म्हणजे वेल्डिंगच्या जागी जस्ताची वाफ होणारच. ती छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध किंवा गूळ खाण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण फुप्फुसात गेलेल्या धुराचं दूध-गूळ काही करू शकत नाही. कडेचं जस्त आधी घासून काढणं, मोकळी हवा आणि योग्य मास्क, एवढेच उपाय.

७. फोड परत का येतो

आता सुरुवातीचा प्रश्न. रंगाचा थर कितीही चांगला असला तरी पाण्याची वाफ त्यातून अगदी थोडी आरपार जाते. थराखाली मीठ राहिलं असेल तर ते या पाण्याला ओढून घेतं. आत खारं पाणी, बाहेर गोडं पाणी आणि मध्ये पातळ पडदा. गोडं पाणी खाऱ्याकडे जातच राहतं आणि रंग फुगतो. हा फोड रंगाचा दोष नाही. न धुतलेल्या खड्ड्याची ती पावती आहे.

दुसरा हातभार पुट्टी लावते. पॉलिएस्टर पुट्टीत टाल्कची भुकटी असते आणि ती पाणी पिते. आपल्याकडे पुट्टी घासताना पाण्याचा कागद वापरायची सवय आहे, कारण धूळ उडत नाही आणि पृष्ठभाग सुरेख येतो. पण प्यायलेलं पाणी पूर्ण सुकण्याआधी वर प्राइमर बसला तर ते तिथेच कोंडलं. पुट्टी कोरडी घासावी, आणि पाणी लावायचंच तर ते प्राइमरवर. पुट्टीच्या खाली उघडा पत्रा नको, आधी इपॉक्सी प्राइमरचा थर द्यावा. जाडी ३ मिलिमीटरच्या आत ठेवावी. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे २०० ग्रॅम पुट्टीला ४ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून दुप्पट घातला तर जास्तीचा हार्डनर वर येऊन रंगावर डाग पाडतो.

८. आतली बाजू

बाहेरचा रंग झाला की गाडी सुटते. खरं तर अर्धं काम इथून पुढे असतं. वेल्डिंगने आतल्या बाजूचा कारखान्याचा थर जळून गेलेला असतो आणि तिथे उघडं लोखंड राहतं. पोकळ जागांसाठी पातळ मेण मिळतं. लांब नळीच्या तोटीने ते भोकांतून आत फवारलं की फटीत शिरतं आणि मऊच राहतं. हे मेण पेटतं, म्हणून ते वेल्डिंगनंतरच, आणि पाणी निघायची भोकं मोकळी आहेत हे बघूनच मारायचं.

जस्ताचा उपाय याहून जुना. १८२४ साली इंग्लंडमधल्या हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबं वाचलं. गंमत अशी की तांबं विरघळेना म्हणून त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या बुडाला शिंपले-शेवाळ इतकं लागलं की योजना सोडून द्यावी लागली. लोखंडावर जस्ताचा थर देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतलं. थरावर ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखतं, हे साध्या रंगाला जमत नाही. हौदा नवा बांधायचाच असेल तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा महाग पडला तरी मासळीच्या गाडीसाठी तोच घ्यावा.

चॅसीला आणि हौद्याच्या बुडाला जळकं ऑइल फासायची कोकणात जुनी रीत आहे. पाणी दूर ठेवायला ते थोडंफार उपयोगी पडतं. पण रबराचे बुश फुगवतं, पुढच्या दुरुस्तीत रंग धरू देत नाही, आणि पहिल्याच जोरदार पावसात ओघळून बाजूच्या विहिरीकडे जातं.

९. चुकीच्या महिन्यातली सुट्टी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते. अनेक वर्षं ती १ जून ते ३१ जुलै अशी होती. बोटी किनाऱ्याला लागतात, मासळीच्या गाड्या मोकळ्या होतात आणि पत्र्याची कामं निघतात. दुर्दैवाने रंगासाठी वर्षातले सगळ्यांत वाईट दिवस हेच. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा, की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं. नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसलेली असते आणि प्राइमर तिच्यावर बसतो. जूनमध्ये रत्नागिरीत हा नियम कित्येक दिवस पाळताच येत नाही.

म्हणून काम दोन भागांत करणं शहाणपणाचं. कापणं, वेल्डिंग आणि इपॉक्सी प्राइमर मेच्या सुट्या दिवसांत उरकावं. पावसाळ्यात करायचंच तर बंद शेड, हॅलोजनचे दिवे आणि तापवून कोरडा केलेला पत्रा लागतो, आणि कापलेली जागा रात्रभर उघडी टाकून चालत नाही. नुसत्या लाल रेडऑक्साइडवर हौदा तसाच ठेवून ‘रंग दिवाळीला’ म्हणणारे बरेच असतात. रेडऑक्साइड पाणी अडवत नाही. त्याच्यावर रंग चढलाच पाहिजे.

१०. चॅसी म्हणजे पत्रा नव्हे

दार सडलं तर वारा आणि पाणी आत येतं. चॅसी सडली तर चाकं, स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेकच्या नळ्या ज्याला धरून आहेत तेच जातं. अमेरिकेत टोयोटाच्या टकोमा, टंड्रा आणि सिक्वॉया या गाड्यांच्या चॅसी गंजण्यावरून खटला चालला आणि २०१६ साली कंपनीने तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्यांचा तो प्रश्न होता आणि खर्चाचा अंदाज होता ३४० कोटी डॉलरपर्यंत. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ वेगळ्या वाटेने येतं, काम तेच करतं.

पिकअपची एक सोय आहे: हौदा चॅसीला बोल्टने बसवलेला असतो आणि काढता येतो. हौद्याचं मोठं काम निघालंच आहे तर तो उतरवावा, म्हणजे चॅसीचा वरचा भाग, बोल्टांच्या जागा आणि केबिनमागचा कोनाडा एकदाच उघडा मिळतो. तिथे नुसता तपकिरी थर असेल तर घासून, धुऊन, इपॉक्सी मारून हौदा परत बसवता येतो. पोपडे निघून जाडी कमी झाली असेल, किंवा पाटा जिथे धरतो त्या बिजागरीशी तडा दिसला, तर ते काम डेंटिंगच्या मेस्त्रीचं नव्हे. चॅसीच्या उभ्या पट्टीवर आडवा वेल्ड मारून चार इंची पत्र्याचं ठिगळ लावणारं गॅरेज प्रत्येक नाक्यावर सापडतं. तो वेल्ड नेमका जिथे ताण जास्त तिथे पट्टी ठिसूळ करतो, आणि भरलेल्या गाडीने घाट उतरताना तडा त्याच्या कडेने जातो. जुनी गाडी घेताना चॅसीवर ताजा काळा रंग आणि त्याखाली वेल्डची उंच रेघ लागली, तर हौदा उतरवून दाखवा म्हणावं, आणि मालक तयार नसेल तर भाव विचारायच्या भानगडीत पडू नये.